विद्युतचुंबकीय क्षेत्र आणि बल: विहिरीवरच्या मोटारीपासून फोटॉनपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा भागातले बारावी, पॉलिटेक्निक आणि बीएस्सीचे विद्यार्थी, रिवाइंडिंग करणारे कारागीर आणि शेतीपंपवाले यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सोपा आधी, अवघड नंतर अशी रचना नाही. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ येतो, म्हणून शक्यतो सलग वाचावं.

विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र खरोखर असतात, की ती फक्त गणिताची सोय आहे?

खरोखर असतात. सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी सुमारे २४० मीटर. सांगली ते सातारा सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर. हे अंतर कापायला लहरीला सुमारे ०.३७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ऊर्जा अँटेनातून निघून गेलेली असते आणि साताऱ्याच्या रेडिओत पोचलेली नसते. मधल्या काळात ती कुठे आहे? ऊर्जेची अक्षय्यता मानायची असेल तर एकच उत्तर उरतं: ती क्षेत्रात आहे. क्षेत्राला संवेगही असतो. दर चौरस मीटरला १००० वॉट देणारं भर दुपारचं ऊन काळ्या पृष्ठभागावर ३.३ मायक्रोपास्कल दाब देतं. हा दाब अगदी थोडा आहे, पण मोजता येतो.

क्षेत्राची ओळख बलावरून होते. स्थिर प्रभारावर बल पडलं तर तिथे विद्युत क्षेत्र आहे. प्रभार हलत असताना त्याच्या वेगाला काटकोनात जे जादा बल पडतं, ते चुंबकीय क्षेत्राचं. एकाला विद्युत दिसणारं क्षेत्र त्याच्या सापेक्ष वेगाने जाणाऱ्या दुसऱ्याला अंशतः चुंबकीय दिसतं. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेवरच्या लेखाची सुरुवातच चुंबक आणि तारेच्या सापेक्ष गतीपासून आहे.

कोयनेतून निघालेले इलेक्ट्रॉन आमच्या घरापर्यंत येतात का?

कधीच येत नाहीत. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर वाहत असतील तर इलेक्ट्रॉनांचा सरासरी सरकण्याचा वेग सेकंदाला ०.१८ मिलिमीटर भरतो. त्यात आपली वीज ५० हर्ट्झची, दर सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी. म्हणून इलेक्ट्रॉन जागच्या जागी जेमतेम एक-दोन मायक्रॉन मागेपुढे होतो. ऊर्जा वाहून नेतं ते तारेभोवतीचं क्षेत्र, आणि तेही तांब्यातून नाही, तारेबाहेरच्या हवेतून आणि इन्सुलेशनमधून. तारेत जी ऊर्जा शिरते ती तार तापवण्यापुरती.

चुंबकीय बल काम करत नाही असं पुस्तकात आहे. मग मोटर पाणी कशी उचलते?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि ‘तो अपवाद आहे’ असं उत्तर देऊन त्याची बोळवण होते. तो अपवाद नाही.

चुंबकीय बल प्रभाराच्या एकूण वेगाला नेहमी काटकोनात असतं, त्यामुळे त्याचं काम शून्य. यात ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. मोटारीतल्या तारेतल्या इलेक्ट्रॉनाला दोन वेग असतात. एक तारेच्या लांबीच्या दिशेने सरकण्याचा, दुसरा तारेबरोबर आडवं फिरण्याचा. पहिल्या वेगामुळे त्याच्यावर आडवं बल पडतं. इलेक्ट्रॉन तारेच्या एका कडेला दाटतात, तिथे तयार झालेलं विद्युत क्षेत्र तांब्याच्या जाळीला ओढतं आणि तार फिरते. दुसऱ्या वेगामुळे त्याच इलेक्ट्रॉनावर तारेच्या लांबीच्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध बल पडतं. हेच ते उलटं व्होल्टेज, बॅक ईएमएफ. आडव्या बलाने जेवढं काम केलं, अगदी तेवढंच या दुसऱ्या बलाने प्रवाहाकडून काढून घेतलं. बेरीज शून्य. पैसे मोजले ते वीजपुरवठ्याने, कारण उलट्या व्होल्टेजविरुद्ध प्रवाह ढकलायचं काम त्याचं. चुंबकीय क्षेत्र इथे हळदीच्या सौद्यातल्या अडत्यासारखं मध्यस्थ आहे, फक्त हा अडत्या अडत घेत नाही.

पंप गाळाने जाम झाला की हे पटतं. आडवा वेग शून्य, म्हणून यांत्रिक काम शून्य, प्रवाह मात्र पूर्णभाराच्या ५ ते ७ पट. आलेली सगळी ऊर्जा वाइंडिंग आणि रोटर तापवण्यात जाते.

कायमचुंबक खिळा उचलतो तेव्हा मात्र हे स्पष्टीकरण पुरत नाही. तिथलं चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनाच्या स्पिनचं आहे. स्पिन हा इलेक्ट्रॉनाचा अंगभूत गुण आहे, एखाद्या इवल्या वेटोळ्यातून फिरणारा प्रभार नव्हे. काटकोनाचा नियम बिंदुप्रभारासाठी लिहिला आहे, स्पिनच्या चुंबकीय आघूर्णासाठी (मॅग्नेटिक मोमेंटसाठी) नाही. तिथे बल क्षेत्राच्या चढउतारातून येतं आणि लागणारी ऊर्जा चुंबक, खिळा व क्षेत्र यांच्या एकत्रित ऊर्जेतून निघते.

बल तांब्यावर पडतं की लोखंडावर?

बहुतांश लोखंडावर. स्लॉटमधल्या तांब्याभोवती पोलादाचे दात असतात आणि फ्लक्स दातांतूनच जातो. तांब्याच्या जागी क्षेत्र अगदी क्षीण असतं. क्षेत्र गुणिले प्रवाह गुणिले लांबी हे सूत्र एकूण बल बरोबर देतं, पण ते बल कुठे पडतं हे सांगत नाही. स्लॉटमधल्या तारा प्रत्येक फेऱ्याला पूर्ण बलाने ढकलल्या गेल्या असत्या, तर स्लॉटचा कागद कधीच फाटला असता. १ टेस्ला क्षेत्राचा लोखंडी पृष्ठभागावरचा चुंबकीय दाब जवळजवळ ४०० किलोपास्कल, म्हणजे चार वातावरणांइतका असतो. एअरगॅप एका बाजूला कमी झाला, म्हणजे बेअरिंग झिजलं, की त्या बाजूचा दाब वाढतो, रोटर तिकडेच आणखी ओढला जातो आणि शेवटी स्टेटरला घासतो.

व्होल्टेज कमी असताना मोटर का जळते? फेज गेल्यावर नुसती गुणगुणते का?

किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे तिथे हा प्रश्न यायचाच.

इंडक्शन मोटारीचं टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. ४१५ ऐवजी ३२० व्होल्ट मिळाले तर उपलब्ध टॉर्क ५९ टक्क्यांवर येतं. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं आहे, म्हणून रोटरची घसर (स्लिप, म्हणजे फिरत्या क्षेत्रामागे पडणं) वाढते आणि प्रवाह सुमारे १.३ पट होतो. तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास १.७ पट. वेग कमी झाल्याने पंखाही कमी हवा देतो.

तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे असतात आणि त्यांची वाइंडिंगही जागेने तशीच मांडलेली असतात. म्हणून एकूण क्षेत्र फिरतं. एक फेज गेली की उरतं ते एकाच अक्षावर मागेपुढे होणारं क्षेत्र. गणिताने ते दोन विरुद्ध दिशांना फिरणाऱ्या समान क्षेत्रांची बेरीज असतं. थांबलेल्या रोटरला दोन्ही सारख्याच जोराने ओढतात, एकूण टॉर्क शून्य, आणि कानावर येते फक्त गुणगुण. मोटर आधीच फिरत असेल तर ती फिरत राहते. हे जास्त धोक्याचं, कारण उरलेल्या तारांतला प्रवाह सुमारे १.७३ पट किंवा त्याहून जास्त होतो आणि पाणी येत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

जळालेलं वाइंडिंग उघडलं की कारण दिसतं. स्टार जोडणीत दोन फेजची वेटोळी काळी आणि एक स्वच्छ, किंवा डेल्टात एक काळी आणि दोन बरी, तर फेज गेली होती. सगळी सारखीच काळी असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या प्रवाहावरच लावावा. ५ एचपीच्या साध्या तीन फेज मोटारीला तो साधारण ७.५ अँपिअर असतो. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून रिले १२ वर नेऊन ठेवणं म्हणजे तो काढून टाकणंच.

तपासणीचा क्रम असा: आधी तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेज मोजा. व्होल्टेजमधल्या १ टक्का विषमतेने प्रवाहात ६ ते १० टक्के विषमता येऊ शकते. मग मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून तिन्ही वाइंडिंगचा रोध मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन पाहा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर लावू नका, आधी वाळवा. साधा मल्टिमीटर हे काम करू शकत नाही. त्याची चाचणी काही व्होल्टांवरच होते आणि ओलसर इन्सुलेशन तेवढ्यावर चांगलंच दिसतं.

टाँगटेस्टर केबलला लावला तर शून्य दाखवतो. बिघडलाय का?

नाही, तुम्ही तिन्ही तारा एकत्र जबड्यात घेतल्या. जबडा मोजतो तो त्यातून जाणारा एकूण प्रवाह, आणि तीन फेजच्या प्रवाहांची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य असते. एकच तार घ्या. उलट तिन्ही एकत्र घेऊन शून्य न येणं हीच काळजीची गोष्ट: काही प्रवाह जमिनीतून परत जातो आहे. पाण्यात बुडालेल्या सबमर्सिबलचा केबल-जॉइंट तपासायची ही उत्तम रीत आहे, फक्त मिलिअँपिअर दाखवणारा टेस्टर हवा.

याच कारणाने केबलजवळचं चुंबकीय क्षेत्र नगण्य असतं. १० अँपिअरच्या एकट्या तारेचं १ मीटरवर २ मायक्रोटेस्ला होईल, तर आपल्याकडचं पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४२ मायक्रोटेस्ला आहे.

टॉवर लाइनखालच्या द्राक्षबागेत तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. करंट उतरलाय का?

४०० किलोव्होल्ट लाइनखाली जमिनीलगत विद्युत क्षेत्र मीटरला काही किलोव्होल्ट असू शकतं. वरची तार आणि मांडवाची तार यांच्यामध्ये हवा आहे, म्हणजे तो एक कपॅसिटरच झाला. मांडवाची तार जमिनीपासून अलग असेल (दगडी किंवा सुक्या लाकडी खांबांवर, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांत) तर ती प्रभारित होते आणि हात लावणारा माणूस तिची अर्थिंगची वाट होतो. जमिनीत रोवलेले लोखंडी अँगल असलेल्या मांडवात हा त्रास बहुधा नसतो. तार दोन्ही टोकांना आणि लांब ओळीत मध्येही जमिनीत ठोकलेल्या रॉडला जोडा. रबरी टायरवर उभ्या ट्रॅक्टरला हेच होतं. तिथे साखळी जमिनीला टेकवली की भागतं.

उभ्या माणसाच्या अंगातून दर मीटरला १ किलोव्होल्ट क्षेत्रामागे सुमारे १५ मायक्रोअँपिअर वाहतात. ते जाणवतही नाहीत. तार नीट अर्थ करूनही झटका येत असेल तर मात्र तो कपॅसिटरचा खेळ नाही, कुठेतरी खरी गळती आहे. हात न लावता वीज कंपनीला कळवा.

लाइनखाली धरलेली ट्यूबलाइट मंद उजळते हेही खरं आहे. चार फूट नळीच्या दोन टोकांत काही हजार व्होल्टचा फरक पडतो, आतला वायू आयनित होतो. व्हिडिओ पाहून हे करून बघू नये. ४०० किलोव्होल्ट लाइनची जमिनीपासून किमान उंची सुमारे ८.८ मीटर असते, आणि ६ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप उभा धरला की उरलेली हवा पुरेशी नसते. अपघात होतात ते अशा पाइपांमुळे.

लाइनमुळे किंवा मोबाइल टॉवरमुळे कॅन्सर होतो का?

इथे पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम भौतिकी, थेट कामाची आहे. रेणूतला बंध तोडायला किंवा अणू आयनित करायला एका फोटॉनकडे, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या एका अविभाज्य पुडक्याकडे, काही इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या मापाचं ऊर्जेचं एकक) ऊर्जा लागते. १८०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीचा फोटॉन ०.०००००७ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. खोलीच्या तापमानाला रेणूंची नुसती थरथरच ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणजे त्याच्या हजारो पट. ५० हर्ट्झचा फोटॉन तर आणखी सुमारे साडेतीन कोटी पटींनी दुबळा. फोटॉन कितीही जास्त असले तरी एकेकटा कमी पडतो, म्हणून सिद्ध परिणाम उरतो तो तापण्याचा, आणि मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत.

एवढ्यावर विषय संपला असं म्हणणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांना आणि २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ बी’, म्हणजे कदाचित कर्करोगजनक, या गटात ठेवलं. पहिल्याचं कारण घरातलं सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर असताना बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाशी दिसलेला सांख्यिकीय संबंध. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही आणि यंत्रणाही सापडलेली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात, सोयीची एकच नव्हे.

जुन्या सूत्रांनी सगळं चालतं, मग पुंजभौतिकी कशाला?

जुन्या सूत्रांत लोखंडाची पारगम्यता, तांब्याचा रोध हे आकडे बाहेरून घालावे लागतात. ते येतात कुठून याचं उत्तर जुन्या भौतिकीकडे नाही. अणूचं तर तिला मुळीच जमत नाही: तिच्या हिशेबाने हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन लहरी सोडत सुमारे १० चा उणे ११ वा घात इतक्या सेकंदांत केंद्रकावर कोसळायला हवा.

चुंबकत्वाची गोष्ट त्याहून मजेदार. नील्स बोर यांनी १९११ मध्ये आणि हेन्ड्रिका व्हॅन लीव्हेन यांनी १९१९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की निव्वळ अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व जुनी, भौतिकी मानली तर समतोलात असलेल्या कुठल्याही पदार्थात चुंबकत्व शून्य येतं. थोडं नाही, चक्क शून्य. म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची स्टँपिंग (आतले लोखंडी पत्रे) ही पुंजभौतिकीची वस्तू आहे.

लोखंडात शेजारच्या अणूंचे स्पिन एकाच दिशेला राहतात ते एकमेकांच्या चुंबकीय ओढीने, असा सर्वसाधारण समज आहे. हिशेब करून पाहा. दोन अणूंतली ती ओढ इतकी क्षीण आहे की १ केल्विनलाही टिकणार नाही. लोखंडाचं चुंबकत्व मात्र १०४३ केल्विनपर्यंत, म्हणजे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. जे बल स्पिन जुळवून ठेवतं ते मुळात विद्युत प्रतिकर्षण आहे. पाउलीच्या नियमामुळे एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात, त्यांचं कूलोम प्रतिकर्षण घटतं, आणि लोखंडात एकूण हिशेब समान दिशेच्या बाजूने झुकतो. याला विनिमय अन्योन्यक्रिया म्हणतात.

रिवाइंडिंगवाल्यांसाठी एक जोड. जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर उघड्या जाळात टाकला की ‘लोखंडाचं मॅग्नेट मरतं’ असं म्हणतात. थंड झाल्यावर लोखंडाचा तो गुण परत येतो. खराब होतो तो पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर, साधारण ३६० ते ३७० अंशांच्या पुढे. पत्रे एकमेकांना चिकटतात, भोवरा प्रवाह वाढतात आणि नवं वाइंडिंग असूनही मोटर रिकामी चालताना तापते. परिणाम खरा आहे, कारण चुकीचं सांगितलं जातं.

दोन प्रभार एकमेकांकडे फोटॉन फेकतात म्हणे. फेकाफेकीने आकर्षण कसं होईल?

होणार नाही, कारण कुणी काही फेकत नाही. चेंडूचं ते चित्र पाठ्यपुस्तकांतून हद्दपार व्हायला हवं. ‘आभासी फोटॉन’ हे एका विशिष्ट गणितपद्धतीतल्या पदाचं नाव आहे. तो शोधकात सापडत नाही, त्याला ठरलेला मार्ग नाही.

क्वांटम विद्युतगतिकी असं विचारते: दोन प्रभार अमुक अंतरावर असताना क्षेत्रासकट एकूण ऊर्जा किती? अंतर बदललं की ती बदलते, आणि बदलाचा दर म्हणजे बल. फोटॉनाचा स्पिन १ असल्याने उत्तरात दोन प्रभारांचा गुणाकार अशा चिन्हाने येतो की सजातीय ढकलतात, विजातीय ओढतात. शून्य किंवा २ स्पिनच्या कणाने नेलेलं बल सारख्यांना ओढतं, गुरुत्वाकर्षण त्यातलंच. फोटॉनाला वस्तुमान नसल्याने बल अंतराच्या व्यस्त वर्गाने घटतं आणि कुठेही एकदम संपत नाही.

या सिद्धांताची अचूकता इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय आघूर्णात दिसते. साध्या हिशेबाने जिथे १ यावं तिथे मोजणीत १.००११५९६५२१८ येतं. श्विंगर यांनी १९४८ मध्ये काढलेली पहिली दुरुस्तीच ०.००११६ देते.

मग कुठे अभिजात आणि कुठे क्वांटम, कसं ठरवायचं?

एका फोटॉनाची ऊर्जा आणि उष्णतेची थरथर यांची तुलना करा. खोलीच्या तापमानाला दोन्ही सुमारे ६.२ टेराहर्ट्झला समान होतात. त्याच्या बरंच खाली (वीज, रेडिओ, मोबाइल) अभिजात सूत्रं बिनधास्त वापरा. सांगली आकाशवाणीच्या लहरीत दर किलोवॉटमागे सेकंदाला सुमारे १० चा ३० वा घात इतके फोटॉन असतात. एकेक मोजायचा प्रश्नच नाही. दृश्य प्रकाशापासून वर मात्र शोषण आणि उत्सर्जनाला क्वांटम लागतंच. पदार्थाच्या आत काय चाललंय हे विचारलं तर वारंवारता कितीही असो, क्वांटम.

जिथे क्षेत्रच नाही तिथे इलेक्ट्रॉनवर परिणाम होतो हे खरं का?

खरं. अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये मांडलं. एरेनबर्ग आणि सिडे यांच्या १९४९ च्या लेखातही ते आहे. इलेक्ट्रॉनांची शलाका दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणायची आणि मध्ये पूर्ण बंदिस्त चुंबकीय फ्लक्स ठेवायचा. दोन्ही वाटांवर क्षेत्र शून्य, बल शून्य, तरी व्यतिकरणाचे पट्टे सरकतात. क्षेत्र गळत असेल ही शंका होती. १९८६ मध्ये तोनोमुरा यांच्या गटाने सूक्ष्म कंकणाकृती चुंबक अतिवाहक (सुपरकंडक्टर) नायोबियमने झाकला, क्षेत्र आत कोंडलं, आणि परिणाम तरीही दिसला. पट्टा पूर्ण एक घर सरकायला लागणारा फ्लक्स ४.१४ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे १० मायक्रॉन बाजूच्या चौकोनातून जवळजवळ एवढाच फ्लक्स देतं.

निष्कर्ष असा की क्वांटममध्ये विभव (पोटेन्शिअल, ज्याच्या बदलातून क्षेत्र काढतात) ही केवळ हिशेबाची सोय राहत नाही. एका बिंदूवरचं विभव मनाजोगं बदलता येतं, पण बंद वाटेवरची त्याची बेरीज बदलता येत नाही, आणि निसर्ग तीच वाचतो.

मिरजेला एमआरआय काढताना एवढी झडती का? मशीन तर बंद असतं.

चुंबक बंद नसतोच. सर्रास वापरातली यंत्रं १.५ टेस्लाची असतात, पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट. नायोबियम-टायटॅनियमची अतिवाहक तार ४.२ केल्विनच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेली असते आणि त्यातला प्रवाह रात्रंदिवस फिरत असतो. वीज गेली तरी क्षेत्र राहतं. आपत्कालीन बटण दाबलं तर अतिवाहकता मोडते, हेलियम उकळून जातो, आणि यंत्र पुन्हा सुरू करणं महागात पडतं.

लोखंडी वस्तू खेचली जाते ती क्षेत्राच्या चढामुळे, आणि तो चढ दाराशी नसून बोगद्याच्या तोंडाशी सर्वात तीव्र असतो. म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर दोन पावलांपर्यंत शांत वाटतो आणि मग हातातून सुटतो.

चित्र मिळतं ते शरीरातल्या पाण्याच्या प्रोटॉनांपासून. १.५ टेस्लात त्यांची वारंवारता ६३.९ मेगाहर्ट्झ. क्षेत्राच्या दिशेचे आणि विरुद्ध दिशेचे प्रोटॉन जवळपास समसमान असतात, दर १० लाखांमागे जेमतेम ५ चा फरक. सगळा संदेश या पाचांचा. फोटॉन इतका दुबळा असल्याने क्ष-किरणांसारखा आयनीकरणाचा प्रश्न इथे नाही.

पृथ्वीचं क्षेत्र घरी मोजता येईल का?

येईल. लागणारं सामान: २६ गेजची इनॅमल तार सुमारे १० मीटर (रिवाइंडिंगच्या दुकानात हा तुकडा भंगारातच मिळतो), १५ सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा पाइप, होकायंत्र, दीड व्होल्टचा सेल, २० ओहमचा र्‍हिओस्टॅट, मल्टिमीटर.

पाइपवर २० वेढे द्या, टोकांचं इनॅमल सँडपेपरने घासा. कडं उभं धरून त्याचं प्रतल सुईच्या दिशेत, म्हणजे दक्षिणोत्तर ठेवा आणि होकायंत्र बरोबर मध्यभागी. प्रवाह हळूहळू वाढवून सुई ४५ अंश वळवा. तेव्हा कड्याचं क्षेत्र आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र समान असतात. सांगलीत हे सुमारे ०.२३ अँपिअरला व्हायला हवं, कारण इथलं आडवं क्षेत्र साधारण ३९ मायक्रोटेस्ला आहे.

उत्तर चुकतं ते बहुधा टेबलामुळे. लोखंडी पाय, स्टीलचं कपाट, खिशातला मोबाइल, भिंतीतल्या सळ्या. लाकडी स्टूल घेऊन अंगणात जा. मग प्रवाहाची दिशा उलटून पुन्हा वाचन घ्या आणि सरासरी काढा. कडं किंचित तिरकं असेल तर ती चूक यात बरीच कमी होते. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवा, नाहीतर आतला फ्यूज जाईल. ट्रामच्या विजेने मोजमाप बिघडू नये म्हणून मुंबईची चुंबकीय वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला १९०४ च्या सुमारास हलवली होती, तेव्हा अंगणात जाण्यात कमीपणा नाही.

चुंबकावर चालणारा, विजेविना पंप विकायला आला आहे. घ्यावा का?

नाही. कायमचुंबकांची मांडणी कशीही असो, एक फेरा पूर्ण झाल्यावर ऊर्जा होती तिथेच येते. व्हिडिओतलं चाक लपवलेल्या बॅटरीवर किंवा आधी दिलेल्या झटक्यावर फिरतं. ‘निर्वात पोकळीतली क्वांटम ऊर्जा’ असं सांगितलं जातं तेव्हा कासिमिर परिणामाचा (निर्वातात अगदी जवळ ठेवलेले धातूचे पत्रे एकमेकांकडे ओढले जाण्याचा) आधार घेतात. तो परिणाम खरा आहे, १९४८ चा; पण १ मायक्रॉन अंतरावरच्या दोन धातूच्या पत्र्यांत त्याचा दाब जेमतेम १.३ मिलिपास्कल, आणि पत्रे जवळ येताना मिळालेली ऊर्जा त्यांना दूर करताना परत द्यावी लागते. विक्रेत्याला सांगा, बंद खोलीत भार लावून एक आठवडा चालवून दाखव.

प्लँकचा स्थिरांक एलईडीवरून काढताना उत्तर का चुकतं?

प्लँकचा स्थिरांक म्हणजे फोटॉनाची ऊर्जा भागिले वारंवारता. सामान: लाल (६३० नॅनोमीटर) आणि निळा (४७० नॅनोमीटर) एलईडी, ३३० ओहम, १ किलोओहमचं पोटेन्शिओमीटर, ९ व्होल्टची बॅटरी. एलईडी जेमतेम उजळताना त्याच्या दोन टोकांचं व्होल्टेज मोजायचं. फोटॉनांची ऊर्जा अनुक्रमे १.९७ आणि २.६४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे व्होल्टेज त्याच्या आसपास येतं.

‘जेमतेम उजळला’ हे डोळ्यावर सोडलं की गडबड होते, कारण डोळा हिरव्याला जास्त आणि लालला कमी संवेदनशील. त्याऐवजी प्रत्येक रंगासाठी प्रवाह एकच ठेवा, समजा ०.१ मिलिअँपिअर, आणि तेव्हाचं व्होल्टेज घ्या. एकाच एलईडीवरून भागाकार करू नका. चार-पाच रंगांचा वारंवारता-व्होल्टेज आलेख काढून त्याचा चढ घ्या. पांढरा एलईडी चालत नाही, तो मुळात निळाच असून वर फॉस्फर असतो. रंगीत टोपणाचेही नकोत. एवढं करून १० ते २० टक्के चूक राहिली तर ती एलईडीच्या आतल्या रचनेची आहे, तुमच्या हाताची नाही.